दाण्यांवर घातलेला आळ

मी आयुष्यात खोटं फार बोललो नाही. त्याचं श्रेय सचोटीला देऊ नये. मी मुळात बोलतोच कमी. पण एक खोटं बोललो. ते शेंगदाण्यांबद्दल होतं, आणि आजवर ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या कुणाला नाही. आता लिहायला बसलोय तर वाटतं, एवढ्याशा गोष्टीची ही कसली कबुली, लोक हसतील. हसू देत. ज्यांच्या माथी ते खोटं बसलं त्या कारखानीस बाई स्वतःही हसल्या होत्या, आणि माझ्याकडून तेवढंच विसरलं जात नाही.

डोंबिवली पूर्वेला आमची शाळा. मी चित्रकला शिकवतो, बाई विज्ञान शिकवायच्या. त्या ठाण्याहून यायच्या, टेंभी नाक्याजवळ त्यांचं घर, मी कल्याणहून. दोन दिशांनी येऊन आम्ही शिक्षकखोलीतल्या एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसायचो. मधे बाकीचा स्टाफ आणि त्यांचे डबे.

बाई जाड होत्या. हे सांगताना आवाज खाली आणायचा नाही, अशी त्यांचीच ताकीद असे. एकदा नव्या मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख पाहुण्यांना करून देताना ‘आमच्या शाळेतलं एक भारदस्त व्यक्तिमत्त्व’ असं म्हटलं. बाई तिथल्या तिथे म्हणाल्या, “सर, जाड म्हणा. भारदस्त म्हणालात की हे मला अध्यक्ष करतील आणि भाषण करायला लावतील.” पाहुणे हसले, मुख्याध्यापक घामाघूम. बाई जिन्यावर प्रत्येक वळणावर थांबायच्या, पण दम लागला म्हणून थांबल्या असं कधी दाखवायच्या नाहीत. भिंतीवरचा एखादा तक्ता बारकाईनं वाचायच्या. आमच्या शाळेतले जिन्यातले सगळे तक्ते संपूर्ण वाचलेली ती एकमेव व्यक्ती असावी.

त्यांची दुसरी खूण म्हणजे बरणी. काचेची, अरुंद तोंडाची. तिच्यात सालासकट भाजलेले शेंगदाणे, थोडे बदाम, अक्रोडाचे तुकडे, कधी काजू. मीठ नाही, मसाला नाही. छोटी सुट्टी झाली की बरणी टेबलावरून फिरायची. नियम एकच: हात आत घालायचा, मूठ मिटायची, मिटलेली मूठ बाहेर आली की तिच्यात असेल तेवढं आपलं. “ज्याची मूठ त्याचं माप,” बाई म्हणायच्या. “देवानं प्रत्येकाला वाटी दिलेली आहे. तुम्ही मात्र ताटाकडे बघता.”

पूर्वी म्हणे साधा डबा होता. बरणी आली ती म्हात्रे सरांमुळे. सर शारीरिक शिक्षणाचे, डोंबिवलीजवळच्या गावातले, हाताचा पंजा फावड्याएवढा. त्यांच्या एका मुठीत अर्धा डबा जायचा. अरुंद तोंडाच्या बरणीत त्यांची मूठ पहिल्याच दिवशी अडकली. भरलेला हात निघेना.

“बाय, ही काय बरनी हाय का पिंजरा?”

“मूठ सोडा सर, बरणी तुम्हाला सोडेल.”

सरांनी अर्धे दाणे सोडले आणि हात काढला. नंतर मुलांना कबड्डी शिकवताना ते हेच वाक्य स्वतःचं म्हणून वापरायचे, कबड्डीत त्याचा काही अर्थ लागत नसला तरी.

शिक्षकखोलीत बाईंची थट्टा व्हायची ती याच बरणीवरून. थट्टेचा मुद्दा ठरलेला. बाई जाड, बाई दाणे खातात, दाण्यांत तेल असतं, म्हणजे झालंच. हा हिशेब आमच्याकडे कुणीही मांडू शकत असे, गणिताच्या शिक्षकांपासून पाणी भरणाऱ्या मावशींपर्यंत. आणि हा हिशेब मांडताना मांडणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा खारी असायची. कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असायचाच. मग वडे, वेफर्स, पेढे.

बाई चिडायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं त्या पंगतीच्या भाषेत सांगायच्या. “पोट म्हणजे पंगत. एक उठल्याशिवाय दुसऱ्यानं बसायचं नसतं. दाणे बसवायचे असतील तर खारीला उठवा. दोघांना एका पाटावर बसवलंत तर पाट मोडणार, आणि नाव दाण्यांचं होणार.”

“पण बाई, तुम्ही तर रोज खाता. तरी…” कुणीतरी म्हणायचंच.

“तरी काय? मी दाणे खायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून जाड आहे. आमच्या घरात थायरॉइड आहे, गोडाचा नाद आहे, आणि आईच्या बाजूचे सगळे असेच. चार वाजले की मी पूर्वी पुडाभर बिस्किटं खायची. आता मूठभर दाणे खाते आणि घरी जाईपर्यंत भूक आठवत नाही. वजन उतरलं नाही, पण चढायचं थांबलं. थांबलेल्या गोष्टीचं कुणी कौतुक करत नाही, त्याला मी काय करू?”

इतकंच त्यांचं म्हणणं. दाणे खाऊन बारीक होता येतं, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. उलट कुणी तसं म्हणालं तर त्याला झापायच्या. “औषध नाही ते. खाणं आहे. त्याला ना देव करा, ना चोर.”

वर्गात त्या दाणा जाळायच्या. तो प्रयोग मी पाहिला, कारण फळ्यावर आकृती काढायला मला बोलावणं यायचं. “या कलावंत, परीक्षानळी काढा. मी काढली की लाटणं होतं.” त्या मला कलावंतच म्हणायच्या. माझी चित्रं त्यांनी फारशी पाहिलेली नव्हती, त्यामुळे त्यात टोमणा नसावा अशी माझी समजूत.

बुचात टाचणी, टाचणीवर शेंगदाणा, वर परीक्षानळीत पाणी. दाणा पेटायचा, काळा धूर काढत बराच वेळ जळत राहायचा, आणि पाण्याला बुडबुडे यायचे. मुलं टाळ्या वाजवायची. एका वर्षी केतकी नावाची मुलगी उठली. हुशार, आणि हुशारीचा उपयोग समोरच्याला अडवण्यासाठी करणारी.

“बाई, एका दाण्यात इतकी ऊर्जा, तर मूठभर खाल्ल्यावर माणूस जाडच होणार की.”

“बसू नको, उभीच राहा.” बाईंनी बरणी काढली आणि वर्गात एकेक दाणा वाटला. “चावा. गिळलात? आता जीभ दातांवरून फिरवा. काय लागतंय?”

“कण लागतायत बाई.”

“तर ते कण. दाण्याचं तेल त्याच्या बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेलं असतं. दात काही कप्पे फोडतात, काही तसेच राहतात, आणि न फुटलेल्यांतलं बरंचसं आपल्या अंगी न लागता पुढे जातं. कुठे जातं ते मधल्या सुट्टीत एकमेकांना सांगा. टाचणीवरचा दाणा सगळा जळतो. पोटाला टाचणी नसते.”

वर्ग खिदळला. केतकी खिदळली नाही. “आणि बाई, कूट केला तर?”

“कूट केला तर कप्पे खलबत्त्यातच फुटले, माझं भाषण फुकट गेलं. शाबास. बस आता.” केतकी बसता बसता पुटपुटली, पण वर्ग शांत झाला होता त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं: “मग बाई कशा…”

मी फळ्याकडे तोंड करून परीक्षानळीला उगाच सावली देत राहिलो. बाईंनी खडू ठेवला.

“विचार गं, पूर्ण विचार. मग बाई जाड कशा? मी तुम्हाला दाणा समजावून सांगू शकते, केतकी. मला स्वतःला समजावून सांगणं इतकं सोपं नाही. आमची माई, माझी मोठी बहीण, दिवसभर चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसते आणि काडीसारखी आहे. मी भाकरी मोजून खाते आणि बघ. शरीर फार पक्षपाती असतं. म्हणून कुणाकडे बघून तो काय खातो हे ओळखता येतं, असं समजू नकोस. परीक्षेत हे येणार नाही, पण लक्षात ठेव.”

माईंना मी ठाण्याला पाहिलं. नवरात्रात टेंभी नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत एका दुपारी बाई सगळ्या स्टाफला घरी बोलवायच्या. निम्म्या बायकांचे नऊ दिवसांचे उपास. टेबलावर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे तळलेले काप, वर दाण्याची आमटी आणि वरी. उपास करणाऱ्या बायका दोनदा वाढून घेत होत्या आणि सांगत होत्या की उपासानं हलकं वाटतं. बाई वाढता वाढता म्हणाल्या, “घ्या हो घ्या. दसऱ्याला काट्यावर उभं राहाल तेव्हा मात्र देवीला दोष देऊ नका. तिनं फक्त उपास करा म्हटलं होतं, खिचडीला तूप तिनं घातलं नाही.”

माई कोपऱ्यातून म्हणाल्या, “शैला, लोकांना खाऊ देत की गं सुखानं.”

“तू चिवडा खा.”

“खातेच आहे.”

त्या दिवशी माझ्या ताटात बाईंनी खिचडी थोडी आणि भिजवलेले बदाम जास्त वाढले. मला म्हणाल्या, “तुमचं पोट आता तुमच्याआधी वर्गात शिरतं, कलावंत. सांभाळा.” थट्टाच. पण थट्टा करायच्या आधी त्या बहुधा खात्री करून घ्यायच्या.

खात्री डॉक्टरनं त्याच हिवाळ्यात केली. साखर काठावर आली होती, वजन काठ ओलांडून गेलं होतं. वर्षानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दुसऱ्या दिवशी घरातलं राज्य हातात घेतलं. भाजीत तेल चमच्यानं, पोळीला तूप बंद, डब्यात ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि काकडी. वजनकाटा आणून स्वयंपाकघराच्या दारात ठेवला, ओलांडल्याशिवाय आत जाता येऊ नये असा. दर रविवारी मी त्यावर उभा राहायचो आणि ती वाकून आकडा वाचायची. मी कधी वाकून वाचला नाही. पोट मधे यायचं.

वजन उतरलं नाही. हळूहळू वाढलं.

त्याचं कारण मला नीट ठाऊक होतं. शाळेतून स्टेशनला जाताना वाटेत एक फरसाणवाला लागतो. संध्याकाळी त्याची कढई चालू असते. गरम पापडी, गाठी, त्याच्याबरोबर पपईची चटणी आणि तळलेली मिरची. मी पाव किलोचा पुडा घ्यायचो, शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर उभा राहून रिकामा करायचो, हात रुमालाला पुसायचो, बडीशेप खायचो आणि कल्याणला जायचो. घरी भूक नाही म्हणायचो. वर्षा खूश व्हायची, की पथ्य मानवतंय.

दुपारी बाईंची मूठ मी घेतच होतो. त्यांच्या पंगतीच्या भाषेत सांगायचं तर दाणे पाटावर बसले होते, पण गाठी उठलेल्या नव्हत्या. जेवायला उशिरा येऊन त्यांनी ओसरी अडवली होती.

एका रविवारी काट्यावरून उतरलो तर वर्षाच्या हातात माझा धुवायचा शर्ट. खिसा उलटा केलेला, आणि तळहातावर शेंगदाण्यांची लाल सालं.

“अहो, मी इथे थेंब मोजून तेल घालते. वजन कशानं वाढतंय? आणि ही सालं कसली?”

“कारखानीस बाई देतात,” मी म्हणालो. “रोज. मोठ्या आहेत, नाही म्हणवत नाही.”

यातला प्रत्येक शब्द खरा होता. बाई देत होत्या, रोज देत होत्या, मोठ्या होत्या. फक्त तिनं दोन प्रश्न विचारले होते आणि मी दुसऱ्याचं उत्तर पहिल्यालाही चिकटू दिलं. ते चटकन चिकटलं. वर्षानं एकदाही शंका घेतली नाही. दाण्यांनी माणूस जाड होतो हे तिला शाळेत असल्यापासून माहीत होतं, आणि बाईंना तिनं पाहिलेलं होतं.

पुढे दोनच आठवड्यांनी स्टाफची सहल होती, कुटुंबासकट. बदलापूरच्या पुढे एका फार्महाऊसवर. मी वर्षाला म्हणालो, तू नको येऊस, ऊन आहे. ती आली.

नाश्त्याला बटाटेवडे होते. परात भरून. सगळे आंब्याखाली खुर्च्या टाकून बसलेले, बाईंनी सवयीनं बरणी काढली आणि फिरवायला सुरुवात केली. बरणी माझ्यापाशी आली तेव्हा वर्षानं ती वरच्यावर घेतली.

“बाई, रागावू नका हं,” ती म्हणाली. आवाज गोड होता, हे सांगायला हवं. भांडायला ती आलेली नव्हती. “तुमची माया कळते मला. पण ह्यांना दाणे नका देऊ आता. साखर काठावर आहे, वजन थांबत नाहीये. मी घरी जिवाचं रान करते आणि इकडे रोज मूठ मूठ दाणे… ह्यांना नाही म्हणता येत नाही तुम्हाला. म्हणून मीच म्हणते. तुमचं एक ठीक आहे, पण…”

तिथे ती थांबली. ‘तुमचं एक ठीक आहे’ याच्यापुढे काय येणार होतं ते सगळ्यांनी मनात पूर्ण केलं. काहींनी नजरेनंही केलं, बाईंच्या खुर्चीकडे बघून.

उपमुख्याध्यापक म्हणाले, “वहिनींचं बरोबर आहे हो. दाण्यांत तेलच असतं शेवटी. मी तर बंदच करणार होतो.” हे म्हणताना त्यांच्या हातात तिसरा वडा होता.

“मना तं काय नाय झाला,” म्हात्रे सर म्हणाले. पण ते रोज पहाटे उठून धावणारे, त्यांचं कोण ऐकतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नवीन मुलगा फळ्यावर गणित सोडवायला आला की त्या जशा वाट बघत थांबायच्या, तशा. एक वाक्य पुरलं असतं. मी बिनसाखरेच्या चहात चमचा फिरवत होतो. बिनसाखरेच्या चहात फिरवायला काही नसतं.

“चुकलं माझं, वर्षा,” बाई म्हणाल्या. “उद्यापासून नाही.” त्यांनी बरणी परत घेतली, झाकण फिरवून घट्ट केलं आणि हसल्या. “बरं झालं बाई बोललीस. हवा लागून मऊ पडत होते.”

सगळे हसले, सुटल्यासारखे. नंतर भेंड्या झाल्या. बाईंनीच दोन्ही बाजूंना गाणी सुचवली.

दुसऱ्या दिवसापासून बरणी टेबलावर आली नाही. आठवडाभरानं कुणीतरी स्टाफच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, सुक्या मेव्यानं पोटाचा घेर कसा वाढतो असा, खाली लाल अक्षरांत ‘सर्वांना पाठवा’. भराभर अंगठे उमटले. बाईंनीही एक नमस्कार टाकला. मी काहीच टाकलं नाही आणि त्याला मी त्या वेळी तटस्थ राहणं समजलो. लोक म्हणू लागले, बरं झालं, आमचंही वाढत होतं. छोट्या सुट्टीत खारी आणि बिस्किटं जास्त यायला लागली. बाई मूठभर दाणे आता प्रयोगशाळेत एकट्या खायच्या, पाठमोऱ्या. एकदा मी बाटलीत पाणी भरायला गेलो तर त्यांनी मूठ पदराखाली घेतली. आपल्याच वर्गात चिंच खाताना पकडलेल्या मुलीसारखी.

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत आम्ही दोघेच खोलीत होतो. त्यांनी मान वर न करता विचारलं,

“कलावंत, तुमच्या त्या फरसाणवाल्याकडे गाठी ताज्या असतात का हो?”

मी तपासून झालेलाच पेपर पुन्हा उघडला.

“रिक्षाच्या रांगेतून ती पायरी समोर दिसते,” त्या म्हणाल्या. “मिरची तुम्ही शेवटी खाता. मी आधी खाते.”

“बाई, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं?” त्यांनी एका उत्तराला अर्धा गुण दिला, खोडला, पूर्ण दिला. “तुम्ही सांगितलं असतंत तर ते खरं झालं असतं. मी सांगितलं असतं तर जाड बाई स्वतःच्या खाण्याची वकिली करतेय, असं झालं असतं. आणि तुमचं खोटं काय झकास पचलं लोकांना! लोकांना आधीच हवं असतं ते खोटं फार हलकं असतं हो पोटाला.” आणि त्या हसल्या. मनापासून, खांदे हलवत.

“मी वर्षाला सांगतो. आजच सांगतो.”

“आज नको. आज गुरुवार, तिचा उपास असेल. उपाशी बाईला असलं काही सांगू नये.”

त्या थट्टा करत होत्या. मी ती थट्टा सवलत म्हणून घेतली. शुक्रवारी तिच्या माहेरचे आले. शनिवारी तिचं डोकं दुखत होतं. मग दर वारी काही ना काही निघत गेलं. फरसाण मात्र मी त्या दिवशी सोडलं. वजन पुढच्या काही महिन्यांत उतरलं, साखर काठावरून मागे गेली. वर्षानं माहेरी, शेजारी, सगळीकडे सांगितलं: ह्यांचे दाणे बंद केले आणि बघा. म्हणजे चांगलं वागून मी ते खोटं आणखी पक्कं केलं.

बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी माझ्या भाषणाची पाळी आली तेव्हा ठरवून उभा राहिलो होतो, आणि त्यांचं वर्गावरचं नियंत्रण या विषयावर बोलून खाली बसलो.

त्यानंतर त्या दिसल्या त्या गेल्या वर्षी, कल्याणला, म्हात्रे सरांच्या मुलीच्या लग्नात. दारातच सरांनी मला बाजूला घेतलं. “बायला बगून दचकू नको. लई आजारी व्हती. पोटाचा ऑपरेशन झाला, अन्न टिकत नव्हता. दात बी काढलं. आता पेजेवर हाय.” तरी मी दचकलो. खुर्चीत साडी जास्त होती आणि बाई कमी.

वर्षा माझ्या आधी पोचली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

“अगंबाई! ओळखलंच नाही मी! केवढ्या उतरलात बाई! काय केलंत सांगा ना.”

भोवती शाळेतल्या चार बायका जमल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते कौतुक, जे बाईंच्या वाट्याला जन्मात कधी आलं नव्हतं.

“दाणे सोडले ना अखेर?” वर्षानं विचारलं.

“सोडले गं.”

“बघा! मी म्हणत होते ना?” मग तिचा आवाज उतरला. तिनं बाईंचा हात हातात घेतला. “खरं सांगू, त्या सहलीत मी बोलले ते नंतर मला फार लागून राहिलं. चारचौघांत बोलायला नको होतं. पण बरंच झालं ना शेवटी? तुमच्या भल्याचंच झालं ना?”

म्हणजे तिच्याही मनात ते इतकी वर्षं होतं. मला हे घरात कधी कळलं नव्हतं.

बाईंनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी अगदी जवळ उभा होतो, हातात वाटी, वाटीत सीताफळाची रबडी. त्यांनी वेळ दिला. मग तिचा हात थोपटून म्हणाल्या, “हो गं. तुझंच खरं झालं. मनात ठेवू नकोस अजिबात.” वर्षाचे डोळे भरून आले. तिच्या मनावरचं ओझं बाईंनी उतरवलं, आणि त्यासाठी मी बोललेलं खोटं स्वतःच्या तोंडानं पुन्हा बोलल्या.

निघताना हॉलच्या पायऱ्यांवर मी हात पुढे केला. त्यांनी साडी किंचित वर धरली आणि माझा हात नुसता बाजूला सारला. “राहू द्या, कलावंत. मी आता हलकी आहे.” त्या एकेक पायरी उतरल्या, कुठेही न थांबता. रिक्षात मधोमध बसल्या. दोन्ही बाजूंना पुष्कळ जागा उरली. रिक्षा वळेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही, आणि मला वाटतं ते त्यांनी माझ्यावर दया म्हणून केलं.

बाई ठाण्यातच आहेत, माईंबरोबर. ठाणं काही लांब नाही. मला वर्षाला घेऊन त्यांच्याकडे जायचं आहे, आणि दोघींच्या देखत सांगायचं आहे की माझं वजन मी चोरून खाल्लेल्या फरसाणानं वाढलं होतं, दाण्यांचा त्यात दोष नव्हता, बाईंचा मुळीच नव्हता, आणि वर्षा त्या दिवशी जे बोलली ते माझ्यावर विश्वास ठेवून बोलली. वर्षा हे कदाचित आधी इथेच वाचेल. ते जमेस धरू नये. हे मी समोर बसून, तोंडानं सांगणं लागतो, आणि अजून सांगितलेलं नाही.